भोंगा नादुरुस्त होता

"मान जरा खाली करा की बाई, हात पोचंना झालाय," तात्या म्हणाले. मी उंच, ते बुटके. मी मान खाली केली तशा कँटीनभर टाळ्या पडल्या. कँटीनवाला शिवलिंगाप्पा चहाच्या पातेल्यावर उलथनं बडवत होता. गुलाबी फेट्याचे वेढे एकेक करून माझ्या डोक्यावर चढत होते आणि तात्या नवरदेवाला नटवावं तसे ते मन लावून बसवत होते.

इंगवले साहेब समोर नारळ घेऊन उभे. साहेब म्हणजे आमच्या दूध संघाचे व्यवस्थापक. "आजवर हा मान पुरुषांनीच पटकावला," ते म्हणाले, "पण आता बायकाही मागं नाहीत. बिरनाळे बाईंनी काल भोंगा वाजवून आपल्या सगळ्यांना भर दुपारी मोकळी हवा खाऊ घातली, त्याबद्दल संघाच्या वतीने..." पुढचं हशात बुडालं. मी नारळ घेतला आणि मीही हसले. न हसून करते काय? माझ्या नाकावर माशी बसत नाही हे संघात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे मी चिडावं म्हणून निम्मे लोक टपूनच बसले होते.

आमचा संघ कृष्णाकाठचा. आसपासच्या गावांतून दूध यायचं आणि ते गार राखायला अमोनिया लागायचा. प्लँटमधल्या जाड पाइपांतून तो फिरत असतो, आणि पाइपात आहे तोवर कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. बाहेर सुटला की मात्र डोळे, घसा, छाती, काही सोडत नाही. म्हणून प्लँटच्या दाराशी एक लाल बटण होतं आणि गाड्या भरायच्या धक्क्यावर दुसरं. कुठलंही दाबलं की भोंगा वाजणार आणि सगळ्यांनी हातातलं टाकून फाटकाबाहेर पळायचं, असा नियम.

मी प्रयोगशाळेत दूध तपासायची. आदल्या दिवशी प्लँटवरून जाताना डोळे चुरचुरले, नाकात झणझणलं, आणि मी बटण दाबलं. सगळे पळाले. टँकर फाटकापाशी अडकले, यंत्रातलं दूध वाया गेलं. मग कळलं की तात्या कॉम्प्रेसरमधलं जुनं तेल काढत होते, आणि तेलाबरोबर थोडा गॅस सुटतोच. तेल काढणार आहे असं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तसं सांगायची पद्धतच नव्हती.

फेट्याची पद्धत मात्र जुनी. मी लागायच्या आधी एकदा कँटीनचा कुकर फुसफुसला आणि पॅकिंगमधल्या एकाने घाबरून भोंगा वाजवला. दुसरा कुणी साहेब असता तर त्या गड्याला घरी बसवला असता. इंगवले साहेबांनी त्याला फेटा बांधला, नारळ दिला आणि सगळ्यांबरोबर हसले. लोकांना ते फार आवडलं. साहेब रागावत नाहीत, घरच्यासारखं घेतात, असं जो तो पाहुण्यारावळ्यांत सांगायचा. तेव्हापासून जो कुणी उगाच भोंगा वाजवील त्याला फेटा ठरलेला.

त्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे तात्यांच्या स्कूटरवर मागे बसून गावी निघाले. तातोबा चौगुले हे त्यांचं पूर्ण नाव. आमचं एकच गाव, एकच गल्ली. त्यांच्या बायकोच्या, हौसाक्काच्या हातची भाकरी मी माझ्या आईच्या भाकरीपेक्षा जास्त खाल्ली असेल. अमोनिया प्लँट तात्यांच्या ताब्यात होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. नारळ मी मांडीवर धरला होता.

"राग आला न्हवं?" तात्यांनी विचारलं.

"नाही. पण खरंच गळती झाली असती तर?"

"तर मी हाय की."

"तुम्ही आत असणार तात्या. सगळ्यांत आधी तुम्हालाच लागायचं ते."

"मला?" ते इतके हसले की स्कूटर डगमगली. "वीस वर्सं त्याच्या संगट काढली. त्यो माझ्या अंगावर यायचा न्हाई."

मला तेव्हाही ते बोलणं आवडलं नव्हतं. या माणसाला काही झालं तर हौसाक्काला तोंड कसं दाखवायचं, असा अभद्र विचार मनात आला आणि मी तो झटकून टाकला.

दिवाळीच्या आधी एके दिवशी मी गार पाण्याच्या टाकीतलं पाणी तपासायला घेतलं. प्लँटमध्ये गार झालेलं पाणी यंत्रांत फिरतं, त्याची तपासणी हे माझं नेहमीचं काम. त्यात औषधाचे दोन थेंब टाकले आणि पाणी गुलाबी झालं. याचा अर्थ सरळ होता. अमोनिया कुठून तरी पाण्यात उतरत होता. मी नळी हातात धरून तशीच तात्यांकडे गेले.

त्यांनी नळी उजेडात धरून पाहिली आणि मान हलवली. "हाय खरं. दोन-तीन व्हॉल्व्ह बी जरा रडत्यात. मी साहेबांच्या कानावर घातलंय."

"मग?"

"मग दिवाळी हाय की तोंडावर."

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला. हा माणूस कुणाला उभं ठेवून बोलायचा नाही. मी नळी टेबलावर ठेवली.

"बाई, मी दुर्लक्ष करतोय असं समजू नका," ते म्हणाले. "पण आत्ता प्लँट बंद केला तर एवढं दूध ओतायचं कुठं? बासुंदी, श्रीखंड, पेढा, सगळ्यांच्या ऑर्डरी घेऊन बसलोय. पाडवा होऊ दे. दोन दिवस बंद ठेवू आणि सगळे व्हॉल्व्ह नवे घालू. शब्द देतो."

"आणि तोवर?"

"तोवर तात्या आहेत की."

"साहेब, तात्या माणूस आहे."

"आमचा माणूस आहे," ते म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले. मग डोळे मिचकावून, "आणि तुम्हीही आहात. फेटा जपून ठेवलाय ना?"

त्यांचा शब्द खरा असायचा हे मला माहीत होतं. पाडव्यानंतर त्यांनी व्हॉल्व्ह बदललेच असते. त्या माणसाचा मला मनापासून राग येत नसे, हीच माझी अडचण होती. भांडायला जावं आणि चहा पिऊन परत यावं, असं दर वेळी व्हायचं.

वसुबारसेला संघाच्या फाटकाशी गाय-वासराची पूजा असते. त्या दुपारी निम्मे लोक तिकडेच होते. कुणी तोरण बांधत होतं, बायका रांगोळी काढत होत्या, साहेब स्वतः गाईच्या गळ्यात माळ घालायला उभे होते. मी नमुने आटपत प्रयोगशाळेत होते. आधी लोखंड फरशीवर पडल्याचा खणकन आवाज आला. मग एक ओरडणं. तात्यांना ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं, तरी ते त्यांचंच आहे हे मला लगेच कळलं.

बाहेर आले तर तात्या भिंतीला हात लावून चाचपडत येत होते. चेहरा भिजलेला, डोळे गच्च मिटलेले, तोंडाला बांधलेला ओला टॉवेल गळ्यात लोंबत होता. त्यांच्या मागून तो वास आला आणि माझा श्वास तिथेच अडकला. मी त्यांना दंडाला धरून ओढत अंगणातल्या नळापाशी नेलं, खाली बसवलं आणि नळाला लावलेल्या रबरी पाइपाचं पाणी त्यांच्या डोळ्यांत सोडलं.

"डोळे उघडा तात्या!"

"उघडंना झाल्यात वो, बाई, उघडंना झाल्यात!"

एका हाताने पाइप धरला, दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्यांच्या पापण्या फाकवल्या. समोर धक्क्यावर दिनकर उभा होता, गाड्या भरणारा. लाल बटण त्याच्या खांद्याशी होतं.

"दिनकर, भोंगा वाजव!" मी ओरडले.

त्याने बटणाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. तात्यांकडे पाहिलं.

"साहेबांना इचारून येतो!" तो म्हणाला आणि फाटकाकडे पळत सुटला. त्याच्या मागून आणखी दोघे पळाले, तेही विचारायलाच.

भोंगा त्या दिवशी वाजलाच नाही. पॅकिंगमधल्या बायका खोकत, नाकाला पदर लावून, आपल्या आपणच बाहेर आल्या. दोघी दारातच कोसळल्या. वारा नदीकडे होता म्हणून त्या निभावल्या. फाटकाकडून धावत आलेल्या फिटरने बाहेरच्या बाजूने मुख्य झडप बंद केली. मी पाइप सोडला नाही. ज्या गाडीतून तात्यांना मिरजेला नेलं तिच्यातही मी बाटल्याबाटल्यांनी त्यांच्या डोळ्यांत पाणी घालत होते, आणि पूजेला आलेली हौसाक्का माझ्या शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघत होती.

उजवा डोळा गेला. डाव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळेल, असं डॉक्टर म्हणाले. इंगवले साहेब दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले. दिवाळीभर ते तिथेच होते. औषधपाणी, हौसाक्काची राहायची सोय, सगळं त्यांनी पाहिलं.

चौकशीसाठी सरकारी निरीक्षक यायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला त्याच व्हरांड्यात गाठलं.

"बाई, तात्या बटणाजवळून आत गेले. बटण न दाबता. उद्या कागदावर काय लागेल? कामगाराची चूक. डोळे गेले ते गेले, वर हे. मी ते होऊ देणार नाही. भोंगा नादुरुस्त होता असं आपण सगळ्यांनी सांगायचं. दोष संघावर येईल, म्हणजे माझ्यावर येईल. येऊ दे."

"पण भोंगा चांगला होता साहेब."

"यंत्र नादुरुस्त म्हटल्यावर कुणाचं काय बिघडतं? दिनकरचंही त्यात निभावेल. लग्नाचं पोर आहे. साहेबांना विचारायला पळाला म्हणून जन्मभर ऐकून घेईल."

त्यांनी आपल्या डोक्यावर दोष ओढून घ्यायचं ठरवलं होतं, आणि तरी मला हो म्हणवलं नाही. मी आत तात्यांच्या कॉटपाशी गेले. डोळ्यांवर पट्ट्या होत्या. हौसाक्का चहा आणायला गेली होती.

"साहेब बोललं?" तात्यांनी विचारलं. पावलांवरून त्यांनी मला ओळखलं होतं.

"बोलले."

"तसंच सांगा. भोंगा बंद हुता म्हणून."

"तात्या, तुम्ही बटण का नाही दाबलंत?"

त्यांनी उजव्या हाताचं बोट चादरीवर टेकवलं.

"बोट ठिवलं हुतं बटणावर," ते म्हणाले. "वास लई हुता. मला कळलं हुतं ते. पर फाटकाशी पूजा चाललेली, समदी जमलेली. म्हटलं, आधी बघून यावं. उगंच असलं तर? चौगुल्यानं भोंगा वाजवला आन निघालं काय तर एक नट ढिला! तुमास्नी फेटा बांधताना मी किती हसलो हुतो, बाई. माझ्या डोस्क्यावर बांधला असता तर मला हसू आलं नसतं."

मी त्यांचा हात धरला. मला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. त्या फेट्यात कुणाच्याही मनात पाप नव्हतं. कुणी कुणाला दम दिला नव्हता, बटणाला कुलूप घातलं नव्हतं. आम्ही नुसते हसलो होतो. त्या हसण्याने प्लँटवरच्या सगळ्यांत जाणत्या माणसाला बटणावरचं बोट काढायला लावलं, आणि दिनकरला बटण सोडून फाटकाकडे पळवलं.

दुसऱ्या दिवशी ठोंबरे नावाचे निरीक्षक आले. सगळ्यांनी सांगितलं, भोंगा बंद होता. दिनकरने सांगितलं, मी दाबला, पण वाजला नाही. सांगताना त्याचे कान लाल झाले होते. माझी पाळी आली.

"भोंगा चालू होता," मी म्हणाले.

ठोंबऱ्यांनी मान वर केली. "मग वाजला का नाही?"

"कुणी वाजवला नाही."

"का?"

मी पहिल्यापासून सांगितलं. कुकरची गोष्ट ऐकून ठोंबऱ्यांना हसू फुटलं. मग माझा चेहरा बघून त्यांनी ते आवरलं. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बाई, तुम्ही सांगताय ते मला पटतंय," ते म्हणाले. "पण फेट्याला मी कुठल्या कलमात बसवू? यंत्रात दोष असेल तर लिहिता येतो. माणसाची चूक लिहिता येते. तुमचं ऐकून मी माणसाची चूक लिहू का? तेवढंच माझ्या हातात आहे."

"ती त्यांची चूक नाही. भोंगा वाजवणाऱ्याला आम्ही सगळे मिळून हसतो, ते लिहा."

त्यांनी खिन्नपणे मान हलवली. भोंगा नादुरुस्त होता असंच शेवटी कागदावर लागलं.

मी काय सांगितलं ते संध्याकाळच्या आत गावात पोचलं. हौसाक्का आमच्या दारात आली, उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. "माझ्या मालकाला समद्यांम्होरं येडं ठरवलंस," ती म्हणाली. "यंत्रानं डोळं खाल्लं म्हटलं असतंस तर तुझं काय जात हुतं गं?" मी काही सांगायला तोंड उघडलं तोवर ती वळून गेली होती. संघात कुणी मला टाकून बोललं नाही, तशी ती माणसंच नव्हती. पण मी कँटीनमध्ये शिरले की गप्पा थांबायच्या. स्कूटर तर आता नव्हतीच. मी एस.टी.ने येऊ-जाऊ लागले.

साहेबांनी आपला शब्द पाळला. सगळे व्हॉल्व्ह नवे आले. तात्यांना त्यांनी संघाबाहेर पडू दिलं नाही, फोन घ्यायच्या कामावर बसवलं. पुण्याहून नवा भोंगा आणवला, असा मोठा की नदीपलीकडच्या गावात ऐकू जावा. गुढीपाडव्याला त्याची पूजा ठरली. पहिल्यांदा बटण तात्यांच्या हातून दाबायचं, असं साहेबांनी जाहीर केलं. आणि तात्यांनी सांगून पाठवलं की मला बटणापर्यंत बिरनाळे बाईच नेतील.

हौसाक्काने तात्यांचा हात माझ्या हातात दिला आणि बाजूला झाली.

नवं बटण धक्क्यावर होतं. त्याला हळदकुंकू लावलं होतं, वर झेंडूची माळ होती. सगळा संघ जमला होता, बायका पोरंबाळं घेऊन आल्या होत्या. शिवलिंगाप्पा पेढ्यांचं ताट घेऊन फिरत होता. साहेबांनी नारळ फोडला. मी तात्यांचं बोट धरून बटणावर टेकवलं. ते क्षणभर तसेच उभे राहिले. मग त्यांनी दाबलं.

भोंगा असा घुमला की पायाखालची फरशी थरथरली. लहान पोरांनी कानांवर हात ठेवले. टाळ्यांचा कडकडाट झाला. तात्यांनी बोट काढलं नाही. मान एका बाजूला कलती करून ते काहीतरी ऐकत होते.

"बाई," त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं, "समदी भाईर गेली?"

मी पाहिलं. सगळे तिथेच उभे होते. कुणाच्या हातात पेढा, कुणाच्या तोंडात. दिनकर हसत होता. भोंगा वाजला की फाटकाबाहेर जायचं असतं, हे तिथे कुणाच्या मनातही नव्हतं. खरं सांगायचं तर तात्यांनी विचारेपर्यंत माझ्याही नव्हतं.

"नाही तात्या. सगळे इथंच आहेत."

"मंग सोडत न्हाई मी," तात्या म्हणाले.

टाळ्या विरत गेल्या. भोंगा वाजतच होता. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी हसलं, पण एकटंच पडलं. साहेब पुढे आले, तात्यांच्या खांद्यावर हात ठेवून ओरडून म्हणाले, "तात्या, झालं आता! पुरे!" तात्यांनी मान हलवली. बोट दाबून धरल्याने नखाखालचं रक्त सरलं होतं. हौसाक्काने पदर तोंडाशी धरला होता. ती नवऱ्याकडे बघत होती, मग ती माझ्याकडे बघायला लागली, आणि त्या दिवशी दाराबाहेरून मला बोलली तेव्हाचा राग तिच्या डोळ्यांत नव्हता.

साहेबांचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला. त्यांनी हातातली नारळाची कवड खाली ठेवली, वळले, आणि फाटकाकडे चालू लागले. ते निघाले तसा फिटर निघाला, मग दिनकर, मग पोरांना कडेवर घेऊन बायका. पेढ्यांचं ताट धक्क्यावर ठेवून शिवलिंगाप्पाही निघाला. फरशीवर एकदम शेकडो पावलं वाजली.

तात्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. ते मला अजून आठवतं, कारण ते फार टिकलं नाही.

"पयलं कोण निघालं?" त्यांनी विचारलं.

"साहेब."

"म्हंजे अजून इचारूनच चाललंय," तात्या म्हणाले, आणि त्यांनी बोट काढलं.